एकाच काडतुसाच्या चौघी

प्रिय शमे,

आठ महिने झाले, ना पत्र ना फोन. तुझे दोन मेसेज वाचून तसेच ठेवले. रागावली असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो आणि बीपीची एक गोळी वाढली आहे, म्हणजे गोळ्या मोजणं काही माझ्या नशिबातून सुटत नाही. ह्यांचं उत्तम चाललंय. झालं, हा विषय इथेच संपला.

लिहायला बसले ते ओंकारच्या एका प्रश्नामुळे. गेल्या आठवड्यात माझ्या बंदुकांच्या लायसन्सच्या नूतनीकरणाचे कागद भरत होते. तो शेजारी बसून नोंदी वाचून दाखवत होता. पॉइंट टूटू, म्हणजे पॉइंट बावीस. पुन्हा पॉइंट टूटू. तिसरी तीच. चौथीला तो थांबला आणि म्हणाला, "आई, चारही एकाच काडतुसाच्या? मग चार कशाला?"

या प्रश्नावर मी किती बोलू शकते हे तुला सांगायला नको. त्याला वाटत होतं की चार वेगवेगळ्या कॅलिबरच्या, म्हणजे नळीच्या मापाच्या, असत्या तर ते समजण्यासारखं होतं. मी म्हटलं, अरे, नेमकं उलटं आहे. चार कॅलिबर म्हणजे चार तऱ्हेची काडतुसं, चौघींचा वेगळा साठा, आणि एकीचं काडतूस मिळेनासं झालं की ती नुसती कपाटात उभी. चौघींचं काडतूस एक असलं की एका पेटीवर सगळ्यांचं भागतं. मग नानांची गोष्ट सांगितलीच. विंचेस्टरची १८७३ ची रायफल पॉइंट फोर्टीफोर-फोर्टीची, आणि पुढच्या पाचेक वर्षांत कोल्टनं त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. कमरेला पट्टा एकच, त्यातलं काडतूस लांबच्याला रायफलीत घाल नाहीतर जवळच्याला रिव्हॉल्व्हरमध्ये. नाना हे सांगताना आत्ताच घोड्यावरून उतरल्यासारखे मिशीवरून हात फिरवायचे आणि तू मागे उभी राहून टापांचा आवाज काढायचीस. एकदा त्यांनी वळून पाहिलं आणि तू टाळ्या वाजवायला लागलीस, आठवतं? ते बिचारे खूश झाले होते.

ओंकारला हे पटलं, पण तेवढ्यानं तो गप्प बसणारा नाही. तुझ्यासारखाच आहे. म्हणाला, मग एक रायफल आणि एक पिस्तूल पुरे की. पिस्तुलाचं त्याला लगेच कळलं होतं, २५ मीटरला रायफल घेऊन कोण उभं राहणार! पण त्यावरही मी सांगितलं की काडतूस एक असलं तरी मागणी एक नसते. मॅचचं काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवतात. नाहीतर गोळी त्या वेगावरून खाली उतरताना डळमळते आणि ५० मीटरवर ते दिसतं. रायफलीत बोल्ट हातानं ओढायचा, त्यामुळे तिला हे मवाळ काडतूस चालतं. पिस्तुलाचं तसं नाही, त्याला पुढचं काडतूस त्याच धक्क्यातून वर घ्यायचं असतं. धक्का कमी पडला की रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकते. म्हणजे नाव तेच, माप तेच, आणि एकीला जे गोड लागतं ते दुसरीच्या घशाखाली उतरत नाही.

नुसत्या नावावर जाऊ नकोस हेही त्याला सांगितलं. पॉइंट थर्टीएट स्पेशल आणि थ्री फिफ्टीसेव्हन मॅग्नम, आकडे दोन, पण गोळीची जाडी एकच. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टीएट चालतं, उलटं कधीच नाही. हे ऐकून त्यानं मोबाइल खाली ठेवला. एवढं पुरे होतं मला.

मग दोन रायफलींवर आलो. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दिसायला जुळ्या. त्याला मी लॉट दाखवले, कारखान्यात एका खेपेला बनलेल्या काडतुसांचा एक लॉट. तुझ्या वेळी सर जे काडतूस देतील ते आपण मारायचो. आता मी रायफल शिकंज्यात धरून लॉट तपासून घेते. दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, एकेका लॉटचे. ते कागद मी जपून ठेवलेत, ते त्याच्यासमोर पसरले. पहिल्या रायफलीत एका लॉटच्या दहा गोळ्यांनी मिळून एकच भोक पाडलंय, कडा जरा फाटल्यासारख्या, शर्टाच्या बटणाखाली झाकेल एवढं. तीच पेटी, तोच दिवस, दुसऱ्या रायफलीत सहा गोळ्या एकत्र आणि चार उजवीकडे खाली सांडलेल्या. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ ची, तिथे हे सांडणं परवडत नाही. दुसरीला दुसरा लॉट मानवतो. म्हणून पेट्यांवर लाल आणि निळ्या शाईच्या खुणा. सेंटरफायरवाले, म्हणजे ज्यांच्या काडतुसाचा बार बुडाच्या मधोमध असतो ते, आपलं काडतूस स्वतः भरतात, दारू कणाकणानं तोलून नळीच्या लाडाप्रमाणे घालतात. आपल्याला ते नाही. टूटूचा पेटवणारा बार रिममध्ये, म्हणजे बुडाच्या कडेत असतो, पिन तीच रिम चेचते, पुंगळी पुन्हा भरायची सोयच राहत नाही. १८८७ पासून हे काडतूस असंच आहे. कारखान्यातून येईल त्यातून निवडायचं, आणि जमलेला लॉट मिळाला की परवडेल तेवढा उचलायचा.

सांगत सुटले होते मी. चौथीचं त्यानं विचारलंच नाही, ती नानांची एकबारी, एका वेळी एकच काडतूस घेणारी, तिच्यावर आपण दोघी शिकलो, ती का आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं बोट ठेवलं दुसरीवर.

"म्हणजे ही स्पेअर."

"हो. मॅचमध्ये पहिलीला काही झालं तर. बॅरल लवकर झिजत नाही, शिशाची गोळी ती. पण पिन, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, यांचा भरवसा नसतो."

"मग कधी लागली का?"

शमे, मी उठून चहा ठेवायला गेले. त्याला वाटलं विषय संपला.

महिन्यापूर्वीचं सांगते, म्हणजे मी का उठले ते कळेल. आमची प्रोनची, म्हणजे पालथं झोपून मारायची मॅच होती. इतक्या वर्षांत दुसरी रायफल मला कधी लागली नाही म्हणून ती मी घरीच ठेवली होती. बाविसाव्या शॉटनंतर बोल्ट मागे ओढला तर पुंगळी आलीच नाही. एक्स्ट्रॅक्टरचं टोक उडालं होतं. ज्यूरी, म्हणजे मॅचचे पंच, आले, पाहिलं, म्हणाले दुसरी असेल तर तपासून घ्या. माझ्याकडे नव्हती. मी जॅकेटचं बक्कल सोडायला लागले. तेवढ्यात मागून एक मुलगी आली, पुढच्या रिलेची, म्हणजे आमच्यानंतरच्या तुकडीची, एकोणीस-वीस वर्षांची असेल. मी तिला ओळखतही नाही. तासाभरानं तिला स्वतःला त्याच रायफलीनं मारायचं होतं. तिनं केस जमिनीवर ठेवून उघडली, रायफल ज्यूरींच्या हातात दिली आणि खिशातून अॅलन की काढली. गुडघ्यावर बसून बटप्लेटचा, खांद्याला टेकणाऱ्या पट्टीचा, स्क्रू सैल केला आणि मला विचारलं, "काकू, किती सरकवू?"

किती सरकवू!

तुला आता कळलं असेल मी कुठे जाऊन पोहोचले ते. २००६, निवड चाचणीचा शेवटचा दिवस, तू सात नंबरच्या लेनवर, मी नऊवर. तू बोल्ट उघडून काडतूस काढलंस, फिरवून पुन्हा घातलंस, पुन्हा नुसता टक. मग दुसरं, तिसरं. एक काडतूस गडगडत माझ्या मॅटपाशी आलं होतं. त्याच्या रिमवरची खूण मला आजही दिसते. पिनचा खोल चौकोनी ठसा असतो ना, तसा नव्हताच तो, नख लागल्यासारखा नुसता ओरखडा. पिनचं टोक गेलं होतं. सरांनी सगळीकडे विचारलं. माझी दुसरी रायफल मागच्या बाकाखाली होती, केसमध्ये. नवीन होती, सगळ्यांना माहीत नव्हती. तुला माहीत होती.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी साइटमध्ये डोळा घातला.

संध्याकाळी तूच म्हणालीस, "जाऊ दे गं, तुझं माप मला कुठे बसलं असतं, मी तुझ्यापेक्षा हातभर उंच." आणि मी ते उचललं. इतकी वर्षं मी तेच धरून बसले, की माप बसलं नसतं, लॉट वेगळा होता, साइट जुळवण्यात वेळ गेला असता. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि तरीही खोटं आहे. तुझी बटप्लेट माझ्यापेक्षा तीन सेंटिमीटर बाहेर असायची. मला ते पाठ होतं, नानांच्या एकबारीच्या वेळेपासून. पाच मिनिटांचं काम. अॅलन की माझ्या जॅकेटच्या खिशात होती. संघात एकच जागा उरली होती आणि ती तुझी-माझी होती, एवढंच कारण होतं.

आणि आपलं ते भांडण! अथेन्स ऑलिंपिकच्या वेळचं, २००४ चं. अमेरिकेच्या एमन्सची रायफल कुणीतरी बिघडवून ठेवली होती आणि त्यानं सहकारी मैत्रिणीची रायफल घेऊन ५० मीटर प्रोनचं सोनं मारलं. तू म्हणायचीस, बघ, नेम माणसाचा असतो, रायफल कुणाची का असेना, एक पुरे. मी म्हणायचे, बघ, दुसरी रायफल होती म्हणूनच तो उभा राहिला. सरांच्या जीपमध्ये दोन तास हाच वाद, शेवटी त्यांनी गाडी थांबवून आपल्याला खाली उतरवलं होतं. मग दोनच दिवसांनी थ्री पोझिशनच्या, म्हणजे झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून मारायच्या मॅचच्या शेवटच्या शॉटला त्यानं शेजारच्या टार्गेटवर गोळी मारली आणि हातातलं सोनं गेलं. त्यानंतर तू कित्येक महिने प्रत्येक शॉटच्या आधी आपला लेन नंबर पुटपुटायचीस. सर विचारायचे, ही जप करते का.

त्या भांडणात आपण दोघींनी एक गोष्ट बघितलीच नाही. ती रायफल कुणीतरी दिली होती. तिच्या मापाची, तिच्या हाताची, तिनं जमवलेली. मी दुसरी घेतली ती याच वादात माझं खरं करायला, आणि जेव्हा खरं व्हायची वेळ आली तेव्हा केस उघडली नाही. तू त्या वर्षी शूटिंग सोडलंस. तू म्हणतेस लग्नामुळे, नोकरीमुळे. तसं असेलही. मला कधी विचारायचा धीर झाला नाही.

त्या दिवशी मी त्या मुलीच्या रायफलीनं उरलेले शॉट मारले. साइट चार क्लिक डावीकडे घ्यावी लागली, तिचा ट्रिगर माझ्यापेक्षा हलका, पहिला शॉट तर मनात यायच्या आतच सुटला, आठ. मग जमलं. परत देताना क्लिक मोजून मागे घेतले आणि बटप्लेट तिच्या खुणेवर आणली. तिनं खडूनं खूण करून ठेवली होती. "थँक्यू" एवढंच म्हणता आलं मला. घरी आल्यावर मी दुसरी रायफल बाहेर काढली, साफ केली, आणि ती सगळी संध्याकाळ तुला फोन लावायचा की नाही यात गेली. लावला नाही. आणि मग ओंकारनं तो प्रश्न विचारला.

तुझं काय चाललंय? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? घर बदललंस म्हणे, पत्ता मला वंदीकडून घ्यावा लागला. नोकरीचं ते प्रकरण मिटलं असेल अशी आशा करते. सविस्तर लिही, मी खरंच वाचते.

वंदी असंही म्हणाली की रेवा टूटूवर आली आहे, क्लबची रायफल आठवड्यातून दोनदाच मिळते आणि दर वेळी दुसऱ्या कुणाच्या मापावर असते. शमे, ती दुसरी मला रेवाला द्यायची आहे. उसनी नाही, कायमची. कागद रीतसर तिच्या नावावर होईपर्यंत वेळ लागेल, तो लागू दे. निळ्या खुणेच्या लॉटच्या पेट्या शिल्लक आहेत, त्याही तिच्याच. तुला नको वाटलं तर सरळ नाही म्हण, आणि का नाही तेही लिही, मला ते ऐकायचं आहे. २००६ चं काही बोलायचं असेल तर तेही बोल. शिव्या दिल्यास तरी चालेल, तुझ्या शिव्या ऐकून फार दिवस झाले.

मात्र हो म्हणणार असशील तर आधी रेवाला कोपरात हात दुमडायला सांग आणि आतल्या घडीपासून ट्रिगरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत टेपनं मोज. जॅकेट घालून मोज, नाहीतर तुझ्यासारखा पहिला महिना फुकट जाईल. बटप्लेट मी आत्ता तुझ्या मापावर, तीन सेंटिमीटर बाहेर काढून ठेवली आहे. तिचा आकडा आला की सरकवते.

तुझी,
विजू