बॉक्सवर मिग-२१ एफएल आणि आत बिस : तुमच्या १/४८ किटबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर आणि जे कोणी हे किट डिझाइन केलं त्यांना,

नमस्कार. तुमची कंपनी आपल्या इकडचीच आहे आणि फोनवर सगळे मराठीतच बोलले म्हणून मराठीतच लिहितोय. तुमच्या मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाच्या १/४८ (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढ्या) प्लॅस्टिक किटमध्ये त्याच मिगचा नंतरचा प्रकार, बिस, निघालाय. त्याबद्दल आधी दोनदा फोन केला, एकदा व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले, त्यावर तुमच्याकडून उत्तर आलं की "सर थोडा फरक असतो, अनुभवी मॉडेलर अॅडजस्ट करून घेतात". हा थोडा फरक नाहीये, म्हणून आता सविस्तर लिहितोय. लांब झालं तरी प्लीज पूर्ण वाचा.

मी नाशिकचा. वडील ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानांचा सरकारी कारखाना) फिटर होते, १९६६ ला लागले, मिग-२१ एफएलच्या फ्यूजलाज (विमानाचं धड) असेंब्लीत. सुरुवातीला रशियातून सुटे भाग यायचे आणि इथं जोडायचे, मग हळूहळू ते इथंच बनायला लागले. इंजिन कोरापुटहून यायचं, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान हैदराबादहून, आणि सांगाडा ओझरचा. आमच्या घरात "आज एक बाहेर पडलं" म्हणजे एक विमान तयार होऊन हँगरबाहेर आलं, एवढं ते रोजच्या बोलण्यातलं होतं. मी दहा वर्षांचा असताना मामाने मुंबईहून एअरफिक्सचं १/७२ चं स्पिटफायर आणून दिलं, ते मी फेव्हिकॉलने चिकटवायला बसलो आणि दोन दिवस पंख काही धरेना. तेव्हा वडिलांनी समजावलं की फेव्हिकॉल लाकडाचा, प्लॅस्टिकला प्लॅस्टिक वितळवणारं सिमेंट लागतं, दोन्ही कडा जराशा विरघळतात आणि एक होतात. तेव्हापासून आज पंचेचाळीस वर्षं हे करतोय. कपाटात शंभराच्या वर विमानं आहेत, त्यात नॅट, हंटर, कॅनबेरा, मारुत, आपल्या हवाई दलाची जवळजवळ सगळी. फक्त एफएल नव्हतं, कारण वडिलांचं विमान करायचं तर नीट किट मिळाल्यावरच करायचं असं मनात धरून बसलो होतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला ना, तो कार्यक्रम वडिलांनी टीव्हीवर ऐकला. ऐकला म्हणतोय कारण काचबिंदूमुळे त्यांना आता जवळपास दिसत नाही. त्याच आठवड्यात तुमची जाहिरात आली, "मिग-२१ एफएल, १९७१, भारतीय हवाई दल, अचूक १/४८". बॉक्सवर १४ डिसेंबर १९७१ चं चित्र, ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट टाकणारं एफएल, आणि चित्र खरंच सुंदर काढलंय. ३४५० रुपये भरून त्याच रात्री ऑर्डर केली.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो, कारण मला तुमच्यावर राग काढायचा नाहीये. पंखांचं माप व्हर्नियरने घेतलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४९ मिलिमीटर भरलं. खऱ्या विमानाचा विंगस्पॅन ७.१५ मीटर, भागिले ४८, म्हणजे तंतोतंत. पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) खोल कोरलेल्या आहेत आणि बारीक आहेत, सिंक मार्क (प्लॅस्टिक बसून पडलेले खड्डे) जवळपास नाहीत, स्प्रूवरचं (भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात ती) फ्लॅश, म्हणजे कडेचं जास्तीचं प्लॅस्टिक, पण नाही. मोल्डवर (साच्यावर) कोणीतरी जीव लावून काम केलंय हे कळतं. म्हणूनच जास्त लागलं.

कारण आत जे विमान आहे ते एफएल नाहीच. ते बिस आहे.

फ्यूजलाजचे दोन भाग बघा. कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत जी पाठ जाते ती तुमच्या किटमध्ये जाड, फुगलेली आहे, थेट शेपटीच्या बुडाला जाऊन भिडते. ती बिसची पाठ, तिच्यात जास्तीचं इंधन बसवलेलं. एफएलची पाठ सडपातळ. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच बघा, तुम्ही पुढची विंडस्क्रीन वेगळी आणि मागचा काचेचा भाग वेगळा दिलाय जो उजवीकडे उघडतो. एफएलला हे असं नव्हतंच, विंडस्क्रीनसकट अख्खी काच एकच तुकडा आणि ती पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडायची, इजेक्शनच्या वेळी तीच काच पायलटच्या अंगावर ढालीसारखी राहील अशी ती रचना होती. पंखांखाली तुम्ही चार पायलॉनची (शस्त्रं टांगायच्या आधारांची) भोकं दिली आहेत, एफएलला दोनच. नाकावरची पिटो ट्यूबची (हवेचा वेग मोजणारी) दांडी एफएलला वर बरोबर मधोमध असते, तुमची उजवीकडे सरकलेली आहे. १/४८ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात जवळपास पाच सेंटीमीटर, तेवढी चूक मी कधी कोणाला सांगायला जात नाही, फाइल घेऊन बसतो आणि नीट करतो. पण इथं एक मिलिमीटरचा प्रश्नच नाही, विमानच वेगळं आहे.

आणि तोफ. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपली. एफएलमध्ये आतून बसवलेली तोफ नव्हती, बाहेरून टांगायची दोन के-१३ क्षेपणास्त्रं, रॉकेट किंवा बॉम्ब. १९६५ च्या युद्धात कळलं की तोफेशिवाय भागत नाही, मग पोटाखाली लावायचं जीपी-९ गन पॉड आलं, त्यात दोन नळ्यांची २३ मिलिमीटरची तोफ. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर आपल्या एफएलने पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं ते याच तोफेने. म्हणजे १९७१ चं एफएल म्हटलं की ते पॉड हवंच, आणि तुमच्या किटमध्ये ते नाही, त्याऐवजी पोटातच घट्ट बसवलेली तोफ मोल्ड केलेली आहे जी नंतरच्या मिगना आली. बिस आपल्याकडे आलंच १९७१ नंतर बऱ्याच वर्षांनी. ते ढाक्यावर कसं असेल?

डेकल शीटबद्दल (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा) पण लिहितो. राउंडेलमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या गोल खुणेत, तुम्ही हिरवा बाहेर आणि केशरी आत छापलाय. भारतीय हवाई दलाच्या राउंडेलमध्ये केशरी बाहेर, मग पांढरा, मधे हिरवा. सगळे राउंडेल उलटे आहेत, एक पण बरोबर नाही. हे प्रिंटिंगच्या आधी एकदा कोणी बघितलं असतं तरी लक्षात आलं असतं.

आता अॅडजस्ट करण्याबद्दल. हो, मला येतं. पाठ कापून, पुट्टी भरून, घासून सडपातळ करता येते, प्लॅस्टिक शीट आणि ट्यूब वापरून पॉड बनवता येतं, कॅनॉपी व्हॅक्यूम फॉर्म करता येते (तापवलेली शीट हवा खेचून साच्यावर बसवायची), मी हंटरच्या बाबतीत असं केलेलं आहे, तीन महिने लागले. पण ते मी तेव्हा करतो जेव्हा बॉक्सवर खरं लिहिलेलं असतं आणि मला माहीत असतं की आपण काय विकत घेतोय. आणि जो आठवीतला मुलगा वाढदिवसाच्या पैशातून हे घेईल तो काय अॅडजस्ट करणार? तो बॉक्सवरचं नाव वाचणार, हे बांधणार, आणि आयुष्यभर त्याच्या डोक्यात एफएल म्हणजे ही जाड पाठ राहणार. मी स्वतः विमान शिकलो ते किटवरूनच शिकलो, पंखाचा कोन काय, चाकं कुठं आत जातात, सगळं. किट चुकीचं असेल तर शिकणं चुकीचं होतं.

माझ्या घरी काय झालं ते पण सांगतो. पार्सल आलं त्या संध्याकाळी मी फक्त फ्यूजलाजचे दोन भाग स्प्रूवरून कापले, बाकी काही नाही. मला बघताक्षणीच शंका आली होती पण काही बोललो नाही, वाटलं वडिलांना तेवढाच आनंद. दोन्ही भाग जोडून रबर बँड लावला आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, डाव्या हाताने नाक धरलं, उजव्या हाताचा अंगठा कॉकपिटपासून मागे मागे नेला, शेपटीपर्यंत, परत पुढे आणला, परत मागे नेला. मग म्हणाले, "हे एफएल नाही रे. ही पाठ बिसची आहे." आणि परत माझ्या हातात दिलं. दिसत नसलेल्या ८१ वर्षांच्या माणसाला अंगठ्याने कळलं ते तुमच्या ऑफिसात कोणाला कळलं नाही, किंवा कळलं आणि तरी तोच मोल्ड नवीन बॉक्समध्ये घालून विकला, यातलं नक्की काय झालं ते मला लिहून कळवा.

मला काय हवंय ते स्पष्ट सांगतो. पैसे परत नकोत. तुमच्याकडे खऱ्या एफएलचा मोल्ड असेल, किंवा होणार असेल, तर सडपातळ पाठीचे फ्यूजलाजचे दोन भाग, एका तुकड्याची पुढे उघडणारी कॅनॉपी, जीपी-९ पॉड आणि नीट छापलेली डेकल शीट एवढं पाठवा, पंख मी हेच वापरेन, ज्यादा भोकं बुजवून घेईन. तसा मोल्ड नसेल तर बॉक्सवरचं नाव बदला, "मिग-२१ बिस" लिहा, ढाक्याचं चित्र काढा, आणि ज्यांनी आधीच घेतलंय त्या सगळ्यांना कळवा. बिस म्हणून विकलंत तर हे चांगलं किट आहे, मी स्वतः अजून एक घेईन, कारण बिस पण ओझरलाच बनलं आणि वडिलांनी त्याच्यावरही काम केलंय. डेकल मात्र दोन्ही बाबतीत नवीन छापावेच लागतील.

मोल्ड नवीन करायचा असेल आणि मापं हवी असतील तर मला सांगा. वडिलांना अजून बरंच तोंडपाठ आहे, कुठला पॅनल कुठं उघडतो, कुठला स्क्रू कुठल्या बाजूने लागतो, ते बसून सांगतील आणि मी लिहून घेईन, फुकट. फक्त उशीर करू नका.

बाकी सगळे पार्ट स्प्रूवर तसेच आहेत, बॉक्स, बिल आणि फोटो जपून ठेवलेत. ऑर्डर नंबर ईमेलच्या विषयात टाकलाय. पंधरा दिवस वाट बघतो, तोवर ग्राहक आयोगाकडे वगैरे जाणार नाही.

आपला,
नाशिकहून, एक जुना मॉडेलर