उपनदी खाली, नदी वर!

संपादक महोदय,
युक्रेन युद्धाच्या बातम्यांत कीव्ह, खारकीव्ह ही नावं नेहमीची. देमिदिव मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. कीव्हच्या उत्तरेला, इर्पिन नदीकाठी हे छोटं गाव आहे. इथला भूगोल मोठा तऱ्हेवाईक. १९६०च्या दशकात नीपर नदीवर धरण होऊन जलाशय भरला आणि त्याची पातळी इर्पिनच्या पात्रापेक्षा वर गेली. उपनदी खाली, मोठी नदी वर! मग मध्ये बांध घातला आणि इर्पिनचं पाणी पंपांनी जलाशयात उपसायची सोय केली. दलदल सुकवून शेती झाली.

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियन फौजा आल्या, तेव्हा युक्रेनच्या सैन्याने त्याच बांधातून पाणी उलटं खोऱ्यात सोडलं. राजधानीकडे निघालेले रणगाडे चिखलापाशी अडले. किंमत मोजली देमिदिवने. बटाटे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवायची तळघरं बुडाली, परसात रबरी होड्या फिरू लागल्या. रशियन माघारी गेले तरी पाणी कित्येक आठवडे हटलं नाही. कीव्ह वाचल्याच्या कौतुकात ही तळघरं कुठेच नसतात, याचं नवल वाटतं. आता हे खोरं पाणथळच राहू द्यावं की पुन्हा उपसावं, यावर तिथे वाद आहे.

- एक वाचक, सातारा