सईला, एकादशीच्या रात्री

फलटण, ६ जुलै २०२५

प्रिय सई,

परवा तू बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाच्या मेलेल्यांच्या आठवणीतल्या पदयात्रेला जाणार म्हणालीस, मी "आपल्याला काय करायचंय त्यांचं" म्हणाले आणि तू फोन ठेवलास. तसं बोलायला नको होतं. मला विचारायचं होतं ते सुरुंगांचं. तू पाठवलेल्या फोटोत झाडाला लाल पाटी आहे, तिच्यावर कवटी. तिथल्या युद्धाला ३० वर्षं झाली तरी जमिनीत सुरुंग आहेतच. आखलेली वाट सोडू नकोस, लघवीलासुद्धा झाडीत शिरू नकोस.

बाबांनी नकाशा काढलाय. नेझुक गावापासून पोटोचारीच्या दफनभूमीपर्यंत, शंभरेक किलोमीटर, ३ दिवस. "आपलं फलटण-पंढरपूरच की," म्हणाले. पण रात्री दोनला उठून पुन्हा नकाशाच बघत होते.

गेलीस ती डेल्फ्टला पाण्याचं शिकायला. आता सुट्टीच्या दिवशी स्रेब्रेनिकाच्या खटल्यांचे कागद वाचतेस. संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित म्हणून जाहीर केलेलं ते गाव, पहाऱ्याला डच सैनिक, तरी १९९५ च्या जुलैत बोस्नियन सर्ब सैन्याने ८,००० हून जास्त मुस्लीम पुरुष आणि पोरं मारली. तुला झोप येत नाही हे समजतं गं. पण कर्जाचे हप्ते आहेत, परीक्षा आहे, व्हिसा आहे. आधी स्वतःच्या पायावर उभं राहावं, मग जगाचं... बघ, पुन्हा सुरू झाले मी. राहू दे.

खुणा लपवायला मारणाऱ्यांनी यंत्रांनी प्रेतं उकरून दुसरीकडे पुरली, म्हणून एकाच माणसाची हाडं चार ठिकाणी सापडतात. नातेवाइकांच्या रक्तावरून ओळख पटते. दोन हाडं मिळाली म्हणून पुरावं, की बाकीच्यांची वाट बघावी, हे घरच्यांनी ठरवायचं. हे तू सांगितलंस आणि मला आजी दिसली. सुभाषकाकाचं ताट ती शेवटपर्यंत वाढत होती. तेव्हा मी तिच्यावर चिडायचे.

तू सहा वर्षांची असताना पालखीच्या तळावर हरवली होतीस. दोन तासांनी सापडलीस ती एका म्हाताऱ्या माळकरणीचे पाय चेपत. मी सगळ्यांसमोर फटका मारला. ती बाई म्हणाली, "माउली, पोरीला मारू नका." ते दोन तास अजून माझ्या पोटात आहेत.

मी विणलेली स्रेब्रेनिकाच्या आठवणीची फुलं पोचली म्हणालीस, बरं झालं. मध्ये हिरवं, भोवती ११ पांढऱ्या पाकळ्या. हाताला सवय बाराची, तीन फुलं उसवावी लागली. ११ तारखेला, ओळख पटलेल्यांच्या दफनाला, त्यांच्या आयांजवळ उभी राहशील तेव्हा ओढणीला एक लाव. तू तिथे असणार याचा मला अभिमान वाटतो. फोनवर हे बोलता येत नाही.

पायाला फोड आला तर सुईने दोरा आरपार ओवून तसाच राहू दे, पाणी निघून जातं. कातडी काढू नकोस. मुक्कामाला पोचलीस की मेसेज टाक, नुसतं "पोचले" एवढंच. आणि पाट्या बघत चाल. पुढच्याच्या पावलावर पाऊल टाक.

तुझी,
आई