आधी फक्की मारा, मग पाया खणा

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

विषय : विभागीय कार्यालय आणि नागरिक केंद्राची नवी वास्तू आखताना लोकांना कधी आणि कसं विचारावं, याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी सिडकोत, म्हणजे नवीन नाशिकमध्ये राहते. नोकरीची सगळी वर्षं इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. सुरुवातीला टी-स्क्वेअर घेऊन ट्रेसिंग पेपरवर, पुढे ऑटोकॅडवर. मी आर्किटेक्ट नव्हे, ड्राफ्ट्समन. सही साहेबांची, रेघ माझी. आता निवृत्त आहे, त्यामुळे एक जुनी चूक कबूल करायला हरकत नाही. या पत्राचं मूळ त्या चुकीतच आहे.

वीस-एक वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एका गावच्या समाजमंदिराचं काम आलं होतं. हॉल, पुढे स्टेज, मागे दोन टॉयलेट. प्लॉट अरुंद होता, पॅसेज बसत नव्हता. मी शक्कल लढवली आणि बायकांच्या टॉयलेटचं दार स्टेजच्या विंगेत काढलं. कागदावर फार सुबक दिसलं. साहेबांनी पाठ थोपटली. चार-पाच वर्षांनी त्याच हॉलमध्ये नात्यातल्या एका साखरपुड्याला जायचा योग आला. स्टेजवर नवरा-नवरी, दोन्हीकडचे व्याही, फोटोग्राफरचे दिवे. बायका विंगेपर्यंत जायच्या, समोरची गर्दी बघून परत फिरायच्या. एक म्हाताऱ्या मावशी शेवटी हॉलबाहेर पडून शेजारच्या घरी गेल्या. "कुणी काढला गं हा नकाशा?" माझी मावसबहीण म्हणाली. मी खाली मान घालून मठ्ठा पीत बसले. त्या टॉयलेटमध्ये आता मंडळाचं सजावटीचं सामान ठेवतात असं कळलं.

काम सुरू होण्याआधी त्या गावातल्या एका बाईला तो कागद दाखवला असता, तर तिने पाच मिनिटांत बोट ठेवलं असतं. आम्ही दाखवला नाही. दाखवायची पद्धतच नव्हती.

पद्धत अजूनही नाही, म्हणून आपल्याला लिहितेय. नाशिक महानगरपालिका 1982 साली स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14,86,053 होती. त्यानंतर गावठाणाच्या चारी अंगांना किती वस्ती वाढली ते मोजायला जनगणनाच झालेली नाही, पण सकाळी साडेआठला पाथर्डी फाट्यावर उभं राहिलं की अंदाज येतो. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड अशी सहा विभागीय कार्यालयं हा पसारा सांभाळतात. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, तक्रारी, सगळं तिथेच. आज ना उद्या यातल्या कुठल्या ना कुठल्या कार्यालयाच्या नव्या इमारतीचा विषय पटलावर येणारच. त्या दिवशी फाइल पुढे सरकण्याआधी हे पत्र कुणीतरी आठवावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सरकारी इमारत कशी जन्माला येते हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. आधी जागा ठरते. मग सल्लागार नेमतात. सल्लागाराला 'गरज' म्हणून एक यादी मिळते : इतके अधिकारी, इतकी दालनं, मीटिंग हॉल, रेकॉर्ड रूम, पार्किंग. ही यादी खात्यांकडून येते, त्यामुळे तिच्यात खुर्च्या असतात. रांगेत उभं राहणारा माणूस नसतो. पुढे प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा. लोकांना इमारत पहिल्यांदा दिसते ती भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर, निळ्या आकाशासकट. तोवर कॉलम कुठे येणार ते ठरलेलं असतं. मग कुणी काही सुचवलं तर इंजिनिअर म्हणतात, आता 'एक्स्ट्रा आयटम' होईल, म्हणजे निविदेबाहेरचं जादा काम. त्यांचंही खरंच असतं.

हरकती आणि सूचना मागवण्याची रीत आपल्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात विकास आराखड्यासाठी ती आहे. पण हरकत म्हणजे काय? ठरवलेल्या गोष्टीला नको म्हणणं. माणूस येतो तोच भांडायच्या तयारीने, आणि साहेब बसतात ते ऐकून घेण्याच्या, म्हणजे निभावून नेण्याच्या तयारीने. 2025 च्या अखेरीला सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठीच्या साधुग्रामाकरता तपोवनातली झाडं तोडण्याच्या नोटिशीवरून केवढं रान पेटलं ते साऱ्या शहराने पाहिलं. बरोबर कोण, चूक कोण, यात मी पडत नाही. तोडायच्या झाडांची यादी निघण्याआधी लोकांना तिथे नेऊन दोन दिवस फिरवलं असतं तर काय झालं असतं, एवढाच विचार मनात येतो. आणि आरक्षित भूखंडावर त्याच कामासाठी महापालिकेची स्वतःची इमारत उभी राहायची असेल, तर हरकतींचीही पायरी येत नाही.

गंमत अशी की दिंडोरी-निफाडच्या खेड्यातल्या माणसाला हा अधिकार आहे. ग्रामसभेत उठून तो सरपंचाला विचारू शकतो, बालवाडी तिकडे का बांधताय, पाणी साचतं तिथे. तोच माणूस नोकरीसाठी अंबडला येतो, सिडकोत खोली घेतो आणि त्याची ग्रामसभा सुटते. शहरातही तसं काही असावं म्हणून 2009 साली राज्याने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभांची तरतूद केली. कायद्याच्या पुस्तकात ती आहे. आमच्या गल्लीत मात्र क्षेत्रसभा म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या पक्षाची? त्यात मार्च 2022 मध्ये महासभेची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. तेवढा काळ तर नगरसेवकाचा दरवाजा ठोठावण्याचीही सोय नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. सल्लागाराच्या हातात गरजांची यादी पडण्याआधी लोकांना विचारा. आणि विचारायला लोक जिथे असतात तिथे या.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बोटभर नोटीस आणि कामाच्या दिवशी सकाळी अकराला सभागृहात बैठक, एवढ्यावर भागवलं तर आमच्यासारखे निवृत्त लोकच येतील. आम्ही कुठेही येतो, आम्हाला चहा मिळाला की झालं. पवननगरच्या भाजी बाजारात संध्याकाळी सहा ते आठ एक टेबल टाका. अंबड-सातपूरच्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा गेटबाहेर थांबा. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात, त्यांना विचारा. धुण्याभांड्यांची कामं आटोपून दुपारी तीनला बायका बसस्टॉपवर असतात, त्यांना विचारा. "इमारत कशी हवी?" असं विचारलं तर कुणीच बोलणार नाही. "मागच्या वेळी कार्यालयात गेलात तेव्हा काय त्रास झाला?" असं विचारून बघा, वही पुरणार नाही.

माझा त्रास सांगते. कुठलं कार्यालय ते राहू दे. आई गेल्यावर दाखल्यासाठी वडिलांना घेऊन गेले होते. लिफ्ट बंद. दोन जिने, मध्ये टेकायला जागा नाही. खिडकीचा कट्टा इतका उंच की वडिलांना आतल्या माणसाचं तोंड दिसेना आणि त्याला यांचं. कान कमी, त्यामुळे आतून आलेला प्रश्न मी ओरडून सांगायचा. बायकोचं पूर्ण नाव, वय, कशाने गेली, हे सगळं माझ्या वडिलांनी भरल्या रांगेसमोर मोठ्यांदा सांगितलं. मी सवयीने वितीने कट्टा मोजला. साडेपाच विती, म्हणजे बाराशे मिलिमीटरच्या आसपास. तो आकडा मी स्वतः कित्येक ड्रॉइंगवर लिहिलाय. जुन्या फाइलमधून कॉपी करायचा आणि पेस्ट करायचा. दिव्यांग हक्क कायदा 2016 साली आला, रॅम्पचा उतार बारास एक असावा हे आता प्रत्येक ड्राफ्ट्समनला पाठ आहे. पण मृत्यूची नोंद करायला आलेल्या माणसाला बसून, हळू आवाजात बोलता यावं, हे कुठल्याच नियमात बसत नाही. ते कुणीतरी येऊन सांगावं लागतं.

आता 'नागरिक केंद्र' या शब्दाबद्दल. कार्यालयालाच जोडून सभागृह, वाचनालय, अभ्यासिका, तालमीची खोली असावी ही कल्पना चांगली आहे. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात 1990 च्या दशकाच्या शेवटी ओस पडलेल्या वाचनालयांचं काय करायचं म्हणून तिथल्या कौन्सिलने आधी रहिवाशांना विचारलं. लोकांनी सांगितलं, आम्ही बाजारहाटाला जातो त्या वाटेवर ठेवा आणि रविवारी उघडं ठेवा. त्यातून 'आयडिया स्टोअर' नावाची नवी वाचनालयं निघाली. पहिलं बो इथे 2002 मध्ये. व्हाइटचॅपलचं 2005 मध्ये, थेट रस्त्यावरच्या बाजाराला लागून. लंडनचं उदाहरण देतेय म्हणून हसू नका. सार्वजनिक वाचनालय नाशिककरांनी 1840 पासून चालवलंय, आपल्याला कुणी वाचायला शिकवायची गरज नाही. घेण्यासारखा आहे तो त्यांचा क्रम : आधी प्रश्न, मग जागा, मग आर्किटेक्ट.

आपल्याकडे बांधून झाल्यावर खरी मेख असते ती किल्लीची. कितीतरी समाजमंदिरं आणि सभागृहं बघा, कुलूप असतं. किल्ली कुणाकडे? तर अमक्या दादांकडे. दादा कुठे? बाहेरगावी. कार्यालय सव्वासहाला बंद झालं की सगळ्या वास्तूचंच शटर खाली येणार असेल, तर त्या केंद्राचा उपयोग फक्त सुट्टी असलेल्यांना. म्हणून नकाशातच दोन दारं ठेवा. कार्यालयाचा भाग संध्याकाळी वेगळा बंद करता यावा. सभागृह, वाचनालय, टॉयलेट आणि पिण्याचं पाणी रात्री दहापर्यंत उघडं. एका जाळीच्या दाराचा आणि एका जिन्याच्या जागेचा प्रश्न आहे. आज कागदावर तासाभराचं काम, स्लॅब पडल्यावर अशक्य. वॉचमन, झाडलोट, वीजबिल यांची तरतूद कोण आणि कुठल्या लेखाशीर्षातून करणार, तेही बांधकामाच्या मंजुरीसोबतच जाहीर करा.

आणि जमलं तर ओटा द्या. काझीच्या गढीकडून गोदाकाठाला उतरताना जे वाडे अजून उभे आहेत, त्यांना रस्त्याच्या कडेला ओटा आहे. बसायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या नव्या इमारतींना कंपाउंड असतं.

जागेबद्दलही विचारा, कारण जागेची माहिती कागदापेक्षा माणसांना जास्त असते. 19 सप्टेंबर 2008 च्या पुरात पाणी कुठवर आलं हे सराफ बाजारातले जुने दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतात. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून पुराचं मोजमाप करणारं हे शहर आहे. कुठल्या नाल्याला उन्हाळ्यात वास येतो, कुठल्या वळणावर रिक्षा थांबत नाही, कुठली गल्ली रात्री आठनंतर बायका टाळतात, हे सर्व्हेच्या मोजणी यंत्रावर येत नाही.

विचारल्यावर पुढे काय झालं तेही कळू द्या. आलेली प्रत्येक सूचना, ती घेतली की नाही, नसेल घेतली तर का. एवढे तीन रकाने करून कार्यालयाबाहेर आणि संकेतस्थळावर लावा. हे मी पदरचं सांगत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 हेच सांगतं : लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची वस्तुस्थिती आपणहून प्रसिद्ध करा, आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना कारणं द्या. "तुमची सूचना नाकारली, कारण त्या कोपऱ्यातून मुख्य जलवाहिनी जाते" असं उत्तर मिळालं तर नाशिकचा माणूस समजून घेतो. कट्ट्यावर दोन दिवस कुरकुर करेल, तिसऱ्या दिवशी तोच दुसऱ्याला जलवाहिनीचं कारण समजावेल.

2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, सगळी यंत्रणा त्यात गुंतलेली, आता हे कुठे काढलंत, असं वाटेल. पण मला भीती आहे ती सिंहस्थाच्या घाईचीच. घाईत फाइल पळते, आणि पळणाऱ्या फाइलला जुना नकाशा चिकटतो.

शेवटी एक माझ्या धंद्यातली सूचना. सामान्य माणसाला प्लॅन वाचता येत नाही. थ्रीडी व्हिडिओ दाखवलात तर तो छान म्हणेल आणि घरी जाईल. त्याऐवजी ठरलेल्या मोकळ्या प्लॉटवर, पाया खणण्याच्या कितीतरी आधी, तळमजल्याचा नकाशा खऱ्या मापात फक्कीने, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीने, आखा. इथे दार, इथे खिडकी, इथे रांग, इथे टॉयलेट. लोकांना त्यातून चालू द्या. आजीला काठीसकट चालू द्या, बाबागाडी फिरू द्या, दहा जणांना खिडकीसमोर उभं करा आणि रांगेचं शेपूट कुठे जातं ते बघा. माझी ती विंगेतली चूक फक्कीत आखली असती तर पहिल्या बाईने हसून पुसली असती. भिंत सरकवायला तिथे पायाने फक्की पुसली की झालं.

एका दिवसाचं काम आहे, आणि लेआऊट टाकायला तसंही ते कधीतरी करावंच लागतं. माझ्याकडे तीस मीटरची टेप आहे, दोरी आहे, खुंट्या आहेत. फक्कीची गोणी मी आणते. रविवारी सकाळी लवकर ठेवा आणि पावसाळा सोडून ठेवा.

आपली,
सिडकोतली एक निवृत्त ड्राफ्ट्समन