कोचीला उतरायचे कुठे?

एर्नाकुलम, मंगळवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

शुक्रवारी फोनवर तुमच्या कोचीच्या मुक्कामाचा विषय निघाला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "स्टेशनाजवळ कुठेही उतरू. पाठ टेकण्यापुरतीच तर खोली लागणार." मी लगेच होकार दिला, कारण कार्यालयाने मला उतरवले होते तेही स्टेशनापासून हाकेच्या अंतरावरच, आणि लिफ्ट, गरम पाणी, तळमजल्यावर उपाहारगृह असे सगळे असल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. त्यानंतर शनिवारी मी तिथूनच शहर पाहायला गेले आणि रविवारी सामान उचलून खाडीपलीकडे फोर्ट कोचीला राहायला गेले. या दोन दिवसांतला फरक पाहून माझे मत साफ बदलले आहे. बाबा, तुमच्याशी फोनवर वाद घालून मी आजवर कधी जिंकलेले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी जागा लक्षात घ्यावी लागेल. कोची म्हणून आपण जे म्हणतो ते पाण्याने तोडलेले शहर आहे. दोन्ही मोठी स्टेशने, न्यायालये, मोठी रुग्णालये आणि बाजारपेठ एर्नाकुलमच्या बाजूला, म्हणजे मुख्य भूमीवर आहेत. पाहायला जायचे ते जवळजवळ सगळे समोरच्या भूशिरावर, फोर्ट कोची आणि मट्टांचेरी या दोन लगतच्या वस्त्यांत आहे. मधले वेलिंग्डन बेट तर बरेचसे माणसाने केलेले: रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून ते वाढवले. हे बंदरही मुळात पुराने दिलेले. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, उत्तरेचे प्राचीन मुझिरिस बंदर गाळाने भरून गेले आणि इथे समुद्राला वाट मिळाली, असे मानतात. एर्नाकुलमहून फोर्ट कोची रस्त्याने सुमारे १२ किलोमीटर असले, तरी पूल ओलांडताना गाड्या अशा तुंबतात की शनिवारी सकाळी मला पाऊण तासाहून अधिक वेळ लागला.

त्या शनिवारी माझे काय झाले तेही सांगते, म्हणजे तुमचे होणार नाही. साडेदहाला मट्टांचेरीत पोहोचले आणि थेट परदेसी सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या गल्लीत शिरले, तर दार बंद. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, हे शाळेत शिकलेले मला दाराशी उभे राहिल्यावर आठवले. शुक्रवारीही ते पाहुण्यांना बंद असते, आणि शेजारचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. त्या दिवशी राजवाडा पाहून होईस्तो बारा वाजले. इथले ऊन आपल्यासारखे चटके देत नाही; ते दमट असते, अंगाला चिकटते, आणि तासाभरात माणसाच्या पायांतले बळ जाते. पुढचे चार तास मी एका कॉफीच्या दुकानात पंख्याखाली बसून काढले, कारण परत खोलीवर जाऊन पुन्हा यायचे तर सगळा वेळ रस्त्यातच गेला असता. पाचला जरा वारा सुटला, समुद्राकाठची माणसे घराबाहेर पडली, आणि तेव्हा मी परतीची गाडी शोधत होते.

म्हणून म्हणते, बाबा, पाठ टेकण्यापुरती खोली हे तुमचे म्हणणे खरेच आहे, पण पाठ टेकायची ती दुपारी. या गावात सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चारनंतर फिरावे. मधल्या वेळी दहा मिनिटांत पलंग गाठता आला पाहिजे. आईचा गुडघा आणि तुमचे दुपारच्या जेवणानंतरचे औषध लक्षात घेता मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

फोर्ट कोचीत राहायचे म्हणजे बहुतेक ठिकाणी जुन्या घरांतच राहायचे. मोठी हॉटेले आहेत, पण ती आपल्या खिशाची नव्हेत. इथे अनेक कुटुंबे घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना देतात आणि स्वतः त्याच घरात राहतात. अशा घरांची केरळ पर्यटन विभाग डायमंड, गोल्ड आणि सिल्व्हर अशी प्रतवारी करतो, आणि प्रमाणपत्र बहुधा दाराशीच लावलेले असते. घरे देखणी आहेत. जाड भिंती, कौलारू छप्पर, लाकडी तक्तपोशी. पण त्यांतले जिने चढताना शिडी चढल्यासारखे वाटते. मी आधी जी खोली ठरवली होती ती जाहिरातीत तळमजल्याची म्हणून दाखवलेली होती. प्रत्यक्षात तळमजल्यावर फक्त बैठक होती, आणि खोलीकडे नेणारा जिना इतका अरुंद की बॅग पुढे ढकलत मागून मी, असे चढावे लागले. न्हाणीघराचा उंबरा वीतभर उंच, आणि दिव्याचे बटण बाहेर. रात्री त्या उंबऱ्याला मी स्वतः ठेचकाळले, तेव्हा आईचा विचार मनात आला.

सोमवारी सकाळी मी परेड ग्राउंडच्या आसपासची पाच-सहा घरे स्वतः आत जाऊन पाहिली. त्यांतले एक तुमच्यासाठी जवळजवळ नक्की केले आहे. खोली खरोखर तळमजल्यावर आहे, अंगणात रिक्षा येते, न्हाणीघरात कमोड आणि भिंतीला धरायची दांडी आहे, आणि खिडक्यांना जाळ्या आहेत. जाळ्यांचे महत्त्व इथे एक रात्र काढल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी डासांचे थवे येतात, तेव्हा ओडोमॉस मात्र घरूनच घेऊन निघा. मालकीणबाई साधारण आईच्याच वयाच्या आहेत, आणि सकाळी लवकर फिरून येणाऱ्यांसाठी नाश्ता साडेनऊपर्यंत ठेवतात. एकच उणीव म्हणजे खोलीत सकाळचा उजेड कमी येतो. मी ती पत्करली, तुम्हीही पत्कराल असे वाटते.

तिथून बाहेर पडले की परेड ग्राउंडच्या कडेची वर्षावृक्षांची प्रचंड छत्री, आणि मैदानाला लागूनच सेंट फ्रान्सिस चर्च. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथे किल्ला बांधला तेव्हाचे ते मूळ लाकडी चर्च, पुढे दगडी झाले. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि त्याला इथेच पुरले. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण जमिनीतली शिळा अजून आहे. बाबा, तुम्हाला शिळेपेक्षा छताखालचे पंखे आवडतील: लांब कापडी झालरी दोऱ्यांनी ओढायच्या, आणि ओढणारा माणूस भिंतीबाहेर उन्हात. डच १६६३ मध्ये आले, इंग्रज १७९५ मध्ये, आणि हे चर्च प्रत्येकाच्या पंथाप्रमाणे हात बदलत गेले. रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून ते दुसऱ्या वारी पाहावे.

चर्चपासून सावकाश चालत दहा मिनिटांत चिनी जाळी येतात. छायाचित्रांत ती संध्याकाळची, लाल आभाळापुढची दिसतात. तुम्ही मात्र सकाळी सहाला जा. सागवानी खांब आणि बांबूंचा तो सांगाडा म्हणजे एक अजस्र तराजूच आहे. एका टोकाला पाण्यावर जाळे, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठमोठे दगड. चार-पाच माणसे दोर ओढू लागली की दगड एकामागून एक खाली येऊन टेकतात आणि पाण्यातून जाळे झोळीसारखे वर येते. मी पाहिले त्या खेपेला झोळीत ओंजळभर मासळी आणि बरीचशी जलपर्णी होती. एक जण फळीवरून जाळ्यापर्यंत गेला, मासळी काढून घेतली, जलपर्णी परत पाण्यात टाकली आणि पुन्हा जाळे खाली गेले. कुणी प्रेमाने दोर ओढायला बोलावील. बाबा, ओढायचाच असेल तर नंतर पैसे मागतील हे समजून ओढा. किनारा बसण्यापुरताच आहे, पाण्यात उतरण्याजोगा मुळीच नाही.

मट्टांचेरीसाठी सोमवार ते गुरुवार यांतली एक सकाळ राखून ठेवावी. रिक्षाने पंधरा मिनिटे लागतात. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून राजाला दिला आणि डचांनी त्याची डागडुजी केली, एवढ्यावरून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. वर चढायला एक जिना आहे, पण रुंद आहे. आई, शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलेले आहे, तिथे तू घाई करू नकोस. रंग हळदी, काव आणि हिरवा. माणसे इतकी दाटीवाटीने की आधी नुसते दागिने दिसतात आणि मग हळूहळू एकेक प्रसंग वेगळा होतो. सिनेगॉग १५६८ चे. तिथे चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि ते बरेच, कारण तिथले खरे वैभव पायांखाली आहे: चीनमधून आणलेल्या पांढऱ्या फरशा, हाताने निळ्या रंगात चितारलेल्या, एकीसारखी दुसरी नाही.

या भागात एक गोष्ट बाबांसाठी खास. गोव्यातून सोळाव्या शतकात आलेल्या कोकणी कुटुंबांची मोठी वस्ती मट्टांचेरीत आहे, आणि त्यांच्या तिरुमला देवस्थानाच्या आसपास कान दिला तर ओळखीचे शब्द कानी पडतात. याच वस्तीशी जोडलेली रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांची हकीकत आहे. डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा जो ग्रंथ ॲमस्टरडॅमला छापवून घेतला, त्यासाठी या तिघांनी त्याला साहाय्य केले, आणि १६७५ मध्ये तसे लिहूनही दिले. पहिल्या खंडात ते त्यांच्या नागरी अक्षरांत छापलेले आहे. शेकडो वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात आपली अक्षरे कोरली गेली, हे ऐकून तुम्ही चष्मा काढून पुसाल, हे मला ठाऊक आहे.

एका संध्याकाळी कथकलीचा प्रयोग पाहा, पण तिकीट काढून तासभर आधीच जाऊन बसा, कारण रंगभूषा पाहुण्यांसमोर करतात. नट पाठीवर आडवा पडलेला, डोळे मिटलेले, आणि दुसरा कलाकार तांदळाच्या पिठीच्या लेपाने त्याच्या जबड्याकडेने पांढरी कड चढवतो आहे. शेवटी डोळ्यांत एक बी घालतात, त्याने बुबुळांभोवतीचा पांढरा भाग लालभडक होतो. आईला प्रयोगापेक्षा हेच अधिक आवडेल.

तृप्पुणितुराचा हिल पॅलेस मी तुमच्या यादीतून काढून टाकला आहे. तो विरुद्ध दिशेला आहे आणि चालणे फार पडते.

स्टेशनावरून फोर्ट कोचीला येताना सामान असेल, तेव्हा टॅक्सीच करा. पण एकदा तरी जलप्रवास करावा, आणि तो वॉटर मेट्रोच्या बोटीने. जुन्या सरकारी बोटी स्वस्त आहेत आणि मला आवडतात, पण त्यांत चढताना धक्का आणि बोट यांच्यामधले हलते पाणी ओलांडावे लागते. वॉटर मेट्रोचा धक्का पाण्यावर तरंगता असल्यामुळे बोटीच्या पातळीलाच राहतो आणि चाकाची खुर्चीही सरळ आत जाते. हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीचे तिकीट काढा. सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते.

डॉक्टरांविषयी बाबा विचारतीलच. फोर्ट कोचीत सरकारी तालुका रुग्णालय आहे, आणि घराच्या मालकीणबाईंच्या ओळखीचे एक डॉक्टर जवळच राहतात. तरीही शेवटची एक रात्र मी स्टेशनाजवळच्या हॉटेलात धरली आहे, म्हणजे परतीच्या गाडीसाठी पहाटे पूल ओलांडायची धावपळ नको. तेवढ्यापुरते बाबांचेच खरे.

तिकिटे काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. गाडी शनिवारी संध्याकाळी पोहोचेल अशी निवडा, म्हणजे रविवारी जाळी आणि समुद्रकाठ, आणि मट्टांचेरीला सोमवार मिळेल. आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. ३१ तारखेला इथे पापांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचे प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, मोठा पुतळा जाळतात, गल्ल्यांतून मुंगी शिरणार नाही इतकी गर्दी होते आणि खोल्यांचे भाडे वाढते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत बरा वाटतो. मालकीणबाईंनी खोली येत्या सोमवारपर्यंत राखून ठेवण्याचे कबूल केले आहे, तोवर तारीख कळवा. आई, तुला ती आतली खोली अंधारी वाटणार असेल तर तसेही सांग; पलीकडच्या गल्लीत एक दुसरे घर आहे, उजेड भरपूर, पण दाराशी तीन पायऱ्या आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
धाकटी