आडनावाची फोड करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की आपल्या सातारा-सांगली भागात कुलसंमेलने भरतात आणि त्यानिमित्त स्मरणिका किंवा कुलवृत्तांत निघतो. भाऊबंद एकत्र येतात, वंशावळ कागदावर येते, हे फार चांगले. काळजी वाटते ती स्मरणिकेच्या पहिल्या पानाची. ‘आमच्या आडनावाचा अर्थ’ या मथळ्याखाली तिथे बहुधा घरी बसून शब्दाची केलेली फोड असते. आडनाव जितके दुर्मीळ, तितकी ही फोड तपासणारे कमी. छापून झाले की तोच मजकूर पुढच्या पिढीचा पुरावा होतो.

मिरज-जत पट्ट्यातले ‘हिरेमठ’ घ्या. मराठी कानाला हिरे म्हणजे रत्ने वाटतात आणि मठात हिरे असल्याची कथा तयार होते. कन्नडमध्ये ‘हिरे’ म्हणजे थोरला. हिरेमठ म्हणजे थोरला मठ, एवढेच. ‘होसमनी’ म्हणजे नवे घर आणि ‘अंगडी’ म्हणजे दुकान. जत तालुक्यात आजही पुष्कळ घरांत कन्नड बोलतात, तेव्हा तिथल्या आडनावाला आधी कन्नड लावून पाहावे. मुसलमान घराण्यांच्या आडनावांना अरबी-फारसी लावावी. ‘नदाफ’ म्हणजे कापूस पिंजणारा आणि ‘शिकलगार’ म्हणजे हत्यारांना पाणी-पॉलिश करणारा, हे दोन्ही शब्द तिकडून आले. ‘पोतनीस’मधले पोते धान्याचे नव्हे. पोते म्हणजे सरकारी खजिना, आणि नीस हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा.

सातारा शहरात अशी पदावरून पडलेली आडनावे दाटीने का सापडतात, याचे उत्तर सोपे आहे. 1708 साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि छत्रपतींची गादी इथे आली. चिटणीस, पोतनीस, पारसनीस ही दरबारची पदे होती, पुढे ती घराण्यांची आडनावे झाली. औंधच्या पंतप्रतिनिधींचे मूळ पुरुष परशुराम त्र्यंबक हे कोरेगाव तालुक्यातल्या किन्हईचे कुलकर्णी. पद मिळाले, आडनाव पदाचे झाले आणि कुलकर्णी मागे पडले. म्हणून अशा घराण्याच्या जुन्या पिढ्या शोधताना पदाचे नाव घेऊन कागद धुंडाळले तर हाती काही लागत नाही.

गावावरून पडलेल्या आडनावांत आणखी एक गफलत होते. सातारकर हे नाव माणसाला साताऱ्यात सहसा पडत नाही, सातारा सोडल्यावर पडते. म्हणजे आज ज्या गावात ‘अमुककर’ जास्त, ते त्यांचे मूळ गाव नसण्याचीच शक्यता मोठी. शिवाय ‘कर’ लागताना गावाचे रूप बदलते. विट्याचा विटेकर होतो, फलटणजवळच्या निंबळकचा निंबाळकर होतो. आणि ‘कर’ नसतानाही आडनाव गावाचेच असू शकते. जतचे डफळे हे त्याचे उत्तम उदाहरण. ऐकणाऱ्याला वाटते, डफ वाजवणारे असतील. हे घराणे जत तालुक्यातल्या डफळापूरच्या पाटलांचे, मूळ आडनाव चव्हाण. गावाचे नाव कशावरून पडले हा वेगळा प्रश्न आहे, घराण्याला नाव गावाने दिले. निंबाळकरांचे मूळ आडनावही पवार. दुर्मीळ आडनावाखाली असे मोठ्या कुळाचे आडनाव पुष्कळदा दडलेले असते, म्हणून वंशावळ एका ठिकाणी अडली की थांबू नये, मूळ आडनाव काय असावे ते विचारावे.

आता कागदांविषयी. आधी जिल्हा नीट ठरवा. सांगली जिल्हा 1949 साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. 1949 च्या आधीचे वाळवा, तासगाव, खानापूरचे कागद सातारा जिल्हा म्हणून शोधावे लागतात. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने होती, त्यांची दफ्तरे निराळी. हे न पाहिल्याने लोक वर्षभर चुकीच्या अभिलेख कक्षात हेलपाटे घालतात.

मग मागे मागे जावे. जुना सातबारा, त्यावरचे फेरफार, त्याआधी गाव नमुना नंबर 14, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंद. त्याच्याही मागे इनाम आणि वतनाचे कागद. 1852 च्या कायद्याने इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले तेव्हा वतनदारांनी आपला हक्क सिद्ध करण्यासाठी पिढ्या लिहून दिल्या होत्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, हे कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि ते मोडी लिपीत आहेत.

मोडी वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सुटे लिहीत नाहीत, म्हणून आडनाव कुठे सुरू झाले ते ठरवण्यातच चूक होते. दुसरे म्हणजे, जुन्या कागदात आडनाव बऱ्याचदा नसतेच. ‘राणोजी बिन संताजी मोकदम मौजे अमुक’ असे असते. इथे ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’ आणि ‘मोकदम’ म्हणजे पाटील. या मोकदमाला आडनाव समजून वंशावळीत घातलेले आम्ही अनेकदा पाहतो. तिसरे, साल. ‘समान सितैन मया व अलफ’ असे लिहिले असेल तर 8, 60, 100 आणि 1000 मिळून सुहूर सन 1168. सुहूर सन म्हणजे जुन्या कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलेले साल. हे साल मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलते. त्यात डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवायचे, म्हणजे हा कागद 1767 किंवा 1768 चा. शक असेल तर मात्र 78 मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांत 79. सुहूर सनाला शक समजले की कागद एकदम पाचशेहून अधिक वर्षे जुना होतो आणि घराणे उगाच यादवकाळात जाऊन बसते.

इंग्रजीतून परत मराठीत आलेल्या नोंदींनी तर दुर्मीळ आडनावांचे फार नुकसान केले आहे. इंग्रजीत ढ-ध, ट-त, ण-न, ळ-ल यांना एकच अक्षर. ढाणे, धाने, धने तिन्ही एकाच स्पेलिंगचे होतात. साठेचे साथे होते. संगणकावर नाव उलटे फिरवताना समोरच्या माणसाला जे आडनाव ओळखीचे ते उमटते, आणि दुर्मीळ ते पुसले जाते. शाळेच्या दाखल्यावर मुलाचे आडनाव देवनागरीत हाताने लिहून द्या आणि दाखला हातात घेतल्यावर अक्षर न् अक्षर तपासा. एकदा चूक पुढच्या कागदांत गेली की राजपत्रापर्यंत धावपळ करावी लागते.

आडनावाची माणसे किती, हा प्रश्न हमखास येतो. जनगणनेत आडनावाची स्वतंत्र मोजणी प्रसिद्ध होत नाही. मतदारयादी हाच हाताशी असलेला मार्ग, आणि आपल्याकडे तिच्यात आडनाव आधी येते हे सोयीचे. दोन्ही जिल्ह्यांत आठ-आठ विधानसभा मतदारसंघ आहेत. याद्या भागवार वाचाव्या, आडनाव, गाव, घर क्रमांक इतके टिपावे. सगळी नावे मोजू नका. लग्न होऊन आलेल्या सुनांनी आकडा वाढतो, लेकींनी कमी होतो, आणि अठराखालची मुले यादीत नसतातच. घरे मोजली तर कुळाचा अंदाज खरा येतो.

नकाशावर खुणा केल्या की चित्र बोलू लागते. एका गावाभोवती दाटी असेल आणि सगळे भाऊबंद निघाले तर मूळ एकच. ‘चौगुले’सारखे आडनाव मराठा, जैन, लिंगायत अशा सगळ्यांत आणि लांबलांबच्या गावांत निघते, कारण चौगुला हे पाटलाच्या हाताखालचे पद होते. तिथे सगळ्यांचा एकच मूळपुरुष शोधणे व्यर्थ. पाटण-जावळीच्या आडनावांसाठी मुंबई आणि नवी मुंबईच्या याद्याही पाहाव्या, कारण गिरणीत आणि माथाडीत गेलेली माणसे तिथेच राहिली. कोयना धरणात गावेच्या गावे बुडाली आणि लोक सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे, रत्नागिरीत वसवले गेले. अशा आडनावाचे मूळ गाव आज धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली असू शकते. त्यासाठी गावाचे जुने नाव पुनर्वसनाच्या कागदातूनच काढावे लागते.

आडनाव वेगळे पण देवक (लग्नात पुजले जाणारे कुळाचे चिन्ह) एक, कुलदैवत एक आणि आपसात सोयरीक होत नाही, अशी दोन घराणी दिसली तर ती बहुधा एकाच कुळाची फांदी. आडनाव एक पण देवक कळंब आणि पंचपल्लव असे वेगवेगळे, तर कुळे वेगळी. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना हे पाठ असते. लग्नात देवक बसवताना त्यांना विचारून लगेच लिहून घ्यावे.

शेवटची विनंती हेळवी लोकांबद्दल. सांगली, कोल्हापूर आणि सीमाभागात घरोघर फिरून वंशावळ वाचून दाखवणारे हेळवी धान्य आणि दक्षिणा घेऊन नव्या पिढीची नावे वहीत चढवतात. त्यांच्या फेऱ्या आता वर्षानुवर्षे होत नाहीत आणि मुले दुसऱ्या धंद्यात जात आहेत. वही त्यांची उपजीविका आहे, ती मागून घेऊ नये. हेळवी दारात आले की त्यांच्या परवानगीने आपल्या घराण्याच्या पानांचे उजेडात, पान सपाट धरून, कोपऱ्यासह फोटो घ्यावेत, योग्य दक्षिणा द्यावी आणि कुलवृत्तांतात फोड छापण्याऐवजी त्या पानाचा फोटो व त्याशेजारी देवनागरी वाचन छापावे. एक प्रत जिल्हा ग्रंथालयात द्यावी.

आपले,
मोडी वाचक, मिरज