डिलिव्हरी व्हॅनला सीट जोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे असो, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक असो वा आपल्याकडची मोटोक्रॉसची मैदाने, तिथे दोन-तीन मोटारसायकली आणि चार-पाच माणसे एकाच व्हॅनमधून नेणारे आता बरेच दिसतात. त्यासाठी सर्वांत स्वस्त पडणारा उद्योग ठरलेला आहे. जुनी डिलिव्हरी व्हॅन घ्यायची, ड्रायव्हरच्या मागे भंगारातून आणलेले बाकडे वेल्ड करायचे आणि उरलेल्या जागेत दुचाकी कोंबायच्या. नेमका हाच उद्योग सर्वांत घातक आहे. करायचे ते उलट बाजूने करावे. व्हॅन प्रवासीच घ्यावी, पुढच्या एक-दोन ओळी कारखान्यातून आल्या तशाच राहू द्याव्यात आणि मागच्या ओळी काढून दुचाकींना जागा करावी.

कारण साधे आहे. सीट जमिनीला धरून राहते ती तिच्या पायांमुळे नव्हे, पायांखालच्या पत्र्याला कारखान्याने दिलेल्या मजबुतीमुळे. सीटबेल्टचा पट्टा जिथे गाडीला धरलेला असतो ते नांगरही चाचणी होऊन पास झालेले असतात. डिलिव्हरी व्हॅनची जमीन माल पेलण्यापुरती असते, तिला सीट उपटणारा हिसका सोसण्याची सवय नसते. त्यातही दुचाकींच्या शेजारी भिंतीला लावलेली आडवी बाकडी तर नकोच. समोरून धडक बसली की आडव्या बसलेल्या माणसाला पट्टा कुशीत काचतो, छातीला धरत नाही.

व्हॅन निवडताना आधी दुचाकी मोजा. आरसे काढून तीन मापे घ्या: लांबी, हँडलची रुंदी, सर्वांत उंच टोक. हिरोच्या एक्सपल्स २०० ची लांबी सुमारे २,२२० मिमी, हँडल ८५० मिमी. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० सुमारे २,२४५ मिमी लांब आणि १,३१५ मिमी उंच. माणसे आणि दुचाकी यांच्यामधल्या पार्टिशनपासून बंद मागच्या दरवाजापर्यंत म्हणून किमान २.४ मीटर मोकळे हवेत, आणि तेही जमिनीवर नव्हे तर हँडलच्या उंचीवर मोजलेले, कारण मागच्या दरवाजाचा वरचा भाग आत झुकलेला असतो. दोन दुचाकी शेजारी लावल्या की ८५० ची दोन हँडले १,७०० मिमी होतात आणि एकमेकांत अडकतात. मग एक ३०-४० सेंमी पुढे सरकवून लावावी लागते किंवा एकीचे तोंड मागे करावे लागते. म्हणजे लांबी २.७ मीटर धरा. चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी वेगळी मोजा आणि दरवाजाच्या चौकटीची उंचीही. आत छत उंच असूनही चौकट बुटकी असेल तर फळीवर तिरकी चढणारी दुचाकी तिथेच अडते.

फोर्स ट्रॅव्हलर या व्हॅनची ३०५०, ३३५०, ३७०० ही नावे म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतले मिलिमीटरमधले अंतर. तीन माणसांची एक ओळ ठेवून ३३५० मध्ये नेमके बसते की नाही, ते मोजपट्टीच सांगेल. ३७०० मध्ये हात मोकळा राहतो. ४०२० घेण्याचा मोह टाळावा, घाटातल्या वळणावर आणि पेठांतल्या गल्लीत ती रडवते. टाटा विंगरची जमीन खाली, म्हणून दुचाकी चढवायला सोपी. पण तिचे इंजिन पुढची चाके फिरवते. मागे वजन गेले की पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या चढावर, खडीवर जागच्या जागी फिरतात. ट्रॅव्हलर मागच्या चाकांनी चालते, तिथे हा त्रास नाही. बोलेरो कॅम्परसारखी दुहेरी केबिनची पिकअप हाही पर्याय आहे. माणसे कारखान्याच्या केबिनमध्ये आणि पेट्रोलचा वास बाहेर, हे तिचे मोठे सुख. हौदा मात्र दुचाकीला आखूड पडतो आणि पावसात सगळे भिजते.

आता वजन. पाच माणसे ७५ किलोप्रमाणे ३७५. दोन हिमालयन आणि एक एक्सपल्स मिळून ५५० च्या आसपास. जमिनीवर १८ मिमीचा चार चौरस मीटर प्लाय टाकला तर ५०, पार्टिशन ५०, चढवायची फळी २०, हत्यारे-चाके-कॅन १००, बॅगा ६०. झाले बाराशे किलो. काढलेल्या सीटचे वजन यातून वजा होईल, तरी ही बेरीज आरसीवरचे एकूण वजन आणि रिकाम्या व्हॅनचे वजन यांच्या फरकात बसली पाहिजे. बसत नसेल तर गॅरेजवाला मागच्या स्प्रिंगचा एखादा पाटा वाढवून देतो म्हणेल. वाढवू देऊ नका. पाटा वाढल्याने व्हॅनचा मागचा भाग वर दिसतो एवढेच. ॲक्सल, ब्रेक आणि टायर यांची ताकद तेवढीच राहते. शिवाय काही व्हॅनना मागचा ब्रेक वजनानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो बॉडी आणि ॲक्सलमधल्या अंतरावरून वजन ओळखतो. पाटा वाढवला की त्याला व्हॅन रिकामी वाटते आणि भरलेल्या व्हॅनचा मागचा ब्रेक तो कमी करतो. उतारावर ब्रेक लागत नाही म्हणून पॅड बदलत बसणाऱ्यांनी आधी हे तपासावे.

वजन किती याहून ते कुठे आहे हे जास्त महत्त्वाचे. चाकांमधले अंतर ३.३५ मीटर असलेल्या व्हॅनमध्ये ५५० किलोच्या दुचाकींचा मध्य मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे गेला, तर पुढच्या ॲक्सलवरून सुमारे ८२ किलो उचलले जातात आणि मागच्यावर ६३२ किलो पडतात. स्टिअरिंग हलके लागते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ओल्यात व्हॅन वळत नाही. म्हणून दुचाकींचा मध्य ॲक्सलच्या पुढे किंवा फार तर बरोबर वर हवा. सगळे भरून, माणसे बसवून एकदा वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण व्हॅन. शे-दोनशे रुपयांत जे कळते ते महिनाभराच्या अंदाजाने कळत नाही.

बांधणीत सर्वांत जास्त चुका होतात. मागच्या सीट काढल्यावर जमिनीत जी मूळ बोल्टची भोके उरतात, तीच पट्ट्यांच्या कड्यांसाठी सर्वोत्तम जागा. त्याच मापाचे, त्याच आट्यांचे, ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि कडी वापरा. नवे भोक पाडावेच लागले तर आधी खाली झोपून पाहा. डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंगचा जुडगा तिथेच कुठेतरी असतो. खालून ५०×१०० मिमीची, ३ मिमी जाड पट्टी द्या; नुसत्या वॉशरवर कडी बसवली तर ती पत्र्यासकट उपटून येते. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर आणि सीलंट लावल्याशिवाय बोल्ट बसवू नका. कोकणात ने-आण असेल तर दोन पावसाळ्यांत तिथून पत्रा सडतो. विंगरसारख्या मोनोकॉक व्हॅनची जमीन हा सांगाड्याचाच भाग आहे, ती कापायची नाही.

पुढचे चाक जमिनीला बोल्ट केलेल्या, चाक पकडून ठेवणाऱ्या चापात घाला. पट्टे चार. पुढचे दोन हँडलला नको, पुढच्या चाकाला धरणाऱ्या फोर्कच्या खालच्या जोडाला, ज्याला मेकॅनिक ‘टी’ म्हणतात त्याला, मऊ फासा घालून बांधा. ओढ खाली आणि पुढे, जमिनीशी साधारण ४५ अंशांची. फोर्क जेमतेम निम्मा दबेल इतकेच आवळा. पूर्ण दाबून पाचशे किलोमीटर नेलात तर ऑइल सील गळू लागते, आणि खड्ड्यात फोर्क आणखी दबला की पट्टा सैल होऊन हूक निसटतो. म्हणून हूकला लॉक हवे. मागचे दोन पट्टे फक्त मागचे चाक उडू नये यासाठी. साइड स्टँड वर ठेवायचा. स्टँडवर उभी करून बांधलेली दुचाकी स्टँडचा दांडा वाकवते आणि मग कलते. सायलेन्सर थंड होईपर्यंत पट्टा त्याच्या जवळून नेऊ नका, वितळतो. पहिल्या २५-३० किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा. त्या टप्प्यात ते हमखास ढिले होतात.

माल बांधणीच्या युरोपीय मानकात पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट ओढ धरतात. दोनशे किलोच्या दुचाकीला १६० किलो, म्हणजे कचकचून ब्रेक मारल्यावरची ओढ. चांगले पट्टे ती सहज सोसतात. धडकेचा हिशेब वेगळा. ताशी ५० किमीने जाणारी व्हॅन ६० सेंमीत थांबली तर सरासरी १६ पट ओढ येते. तीच दुचाकी मग ३,२०० किलोची होऊन पुढे झेपावते. म्हणून माणसे आणि दुचाकी यांच्यात जमिनीपासून छतापर्यंत पार्टिशन हवे. खाली पत्रा, वर जाळी, चौकोनी पाइपचा सांगाडा, आणि तो जमिनीबरोबर बाजूच्या खांबांनाही धरलेला. ते एकटे सगळा मार सोसेल अशा भ्रमात राहू नये. चाप, पट्टे आणि पार्टिशन मिळून तो वाटून घेतात. पार्टिशन आणि शेवटची सीट यांत हातभर अंतर ठेवा, कारण ते वाकणार हे गृहीत आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते, म्हणून हवा खेळण्याची भोके दुचाकींच्या बाजूला खाली हवीत. कार्बोरेटरच्या दुचाकीचा पेट्रोलचा कॉक बंद करा. इंजेक्शनच्या दुचाकीला बहुधा कॉक नसतो, तिची टाकी निम्म्याहून कमी ठेवा. मागच्या एसीचा ब्लोअर दुचाकींच्या भागातली हवा खेचत असेल तर तो बंद करून टाका. स्वतःच्या वापराचे पेट्रोल विनापरवाना नेण्याची मर्यादा पेट्रोलियम कायद्याने ३० लिटर घातली आहे. ते झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या कॅनमध्ये असावे, पाण्याच्या बाटल्यांत नव्हे. मागचा दरवाजा दुचाकींनी अडतो, म्हणजे बाहेर पडायची वाट एकच उरते. उजव्या बाजूच्या एका काचेजवळ ती फोडायची हातोडी आणि सीटपाशी २ किलोचा एबीसी अग्निशामक हवाच.

फळी लांब असावी. जमीन ७० सेंमी उंच असताना १.८ मीटरच्या फळीचा चढ २३ अंशांचा होतो, २.४ मीटरच्या फळीचा १७. फळी व्हॅनला पट्ट्याने बांधल्याशिवाय चाक चढवायचे नाही. मागच्या चाकाचा जोर आला की ती मागे सटकते. उतरवताना पुढच्या ब्रेकवर विसंबू नका. दुचाकी उलटी उतरत असते, भार मागच्या चाकावर असतो आणि पुढचे नुसतेच घसरते. इंजिन बंद, पहिला गिअर, आणि क्लचने सोडत उतरवा.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून सीट कमी करण्याची लेखी परवानगी पाना हातात घेण्याआधी आरटीओकडून घ्यावी, आरसीवर नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

यात परिवहन विभागाकडून आमचे एक मागणे आहे. युरोपात पुढे दोन ओळी, मग पक्के पार्टिशन आणि मागे मालाची जागा अशा व्हॅन कारखान्यातूनच मिळतात. आपल्याकडे तसा पर्याय मिळेपर्यंत प्रवासी व्हॅनच्या मागच्या ओळी काढून एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने तपासलेले पार्टिशन बसवण्याची एकच पद्धत विभागाने परिपत्रकाने ठरवून द्यावी. कागदपत्रे, तपासणी आणि शुल्क सगळ्या आरटीओ कार्यालयांत सारखे असले, तर आज वेल्डिंगच्या दुकानात जाणारे लोक तपासणीच्या रांगेत उभे राहतील.

आपले,
वाहनबांधणी आणि दुचाकी शर्यतींच्या क्षेत्रातील काही वाचक, पुणे